पाचगणीच्या नळाला आज कोणतं पाणी आलंय?

पाचगणीत नव्याने राहायला आलेली, बंगला घेतलेली किंवा होम-स्टे चालवणारी मंडळी फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. इथलं पाणी जड आहे का? आरओ बसवावा का? डाळ शिजत नाही, हा पाण्याचाच दोष ना? पावसाळ्यात नळाला लालसर, गढूळ पाणी येतं, ते नुसतं उकळून चालेल का? या सगळ्यांना मिळून एकच उत्तर देता येत नाही, कारण वर्षभर तुमच्या नळाला एकच पाणी येतं असं नाही. जुलैत तलावाचं येतं, मार्चमध्ये त्यात सोसायटीच्या बोअरचं मिसळतं आणि मे महिन्यात टाकीत टँकर रिकामा होतो. तिन्हींचे गुणदोष वेगळे आणि उपायही वेगळे. तेव्हा यंत्राच्या दुकानात जाण्याआधी आपल्याकडे कोणतं पाणी येतं, याची चौकशी करा.

स्रोत कोणता, ते आधी बघा

नळयोजनेचं पाणी. हे महाबळेश्वरच्या वेण्णा तलावातून येतं. साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांच्या काळात, 1842 साली बांधलेला हा तलाव आजही महाबळेश्वर आणि पाचगणी या दोन्ही गावांची तहान भागवतो. महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाची योजना ते पाणी शुद्ध करून पाइपने इकडे आणते. मुळात हे पावसाचं पाणी, जांभ्या खडकावरून वाहत येऊन साठलेलं. आपलं टेबल लँडही जांभ्याचंच पठार. जांभा म्हणजे लाखो वर्षांच्या पावसाने धुऊन काढलेला खडक. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम कधीच वाहून गेलं आणि मागे उरलं लोखंड आणि ॲल्युमिनियम. पाणी जड होतं ते कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे. ते खडकातच नसेल, तर पाण्यात येणार कुठून? त्यामुळे तलावाचं पाणी हलकं असतं. साबणाला भरपूर फेस येतो आणि गीझरच्या कॉइलवर क्षाराचे थर बसत नाहीत.

विहीर किंवा झरा. जांभ्यातून झिरपलेलं पाणी हलकंच असतं, पण सहसा किंचित आम्लधर्मी, आणि त्यात लोह असू शकतं. जांभा सच्छिद्र असल्यामुळे वरची घाणही तितक्याच सहज खाली उतरते, हे विसरू नका.

बोअर. बोअरवेल जांभा ओलांडून खालच्या काळ्या पाषाणात जाते. तिथल्या भेगांमध्ये पाणी बराच काळ मुरलेलं असतं, त्यामुळे त्यात क्षार उतरतात. 'आमच्याकडे पाणी जड आहे' असं पाचगणीत कुणी सांगितलं, तर पहिला संशय बोअरवर घ्या.

टँकर. याचं पाणी कसं असेल, हे तो कुठे भरला त्यावर ठरतं. घाटाखालच्या विहिरीवर, वाटेतल्या एखाद्या बोअरवर की योजनेच्या भरणकेंद्रावर? चालकाला दरवेळी विचारा आणि तारखेसह वहीत लिहून ठेवा. सोसायटीच्या बैठकीत ही वही फार कामाला येते.

घरच्या घरी ओळखण्याच्या खुणा

स्वच्छ काचेची बाटली अर्धी भरा, अंगाच्या साध्या साबणाचा किस टाका आणि जोरात हलवा. वर दाट फेस आणि खाली पाणी स्वच्छ असेल, तर पाणी हलकं. फेस कमी आणि पाणी दुधाळ, वर चिकट साय, तर पाणी जड. कपडे धुण्याच्या पावडरीने हे कळत नाही, कारण ती जड पाण्यातही फेस देते.

बाकीच्या खुणा नीट पाहिल्या तर पुष्कळ काही सांगतात:

- सकाळी पहिल्यांदा नळ सोडल्यावर लाल पाणी, मग स्वच्छ: तुमच्या जुन्या जीआय पाइपचा गंज. पाइप बदलायला झालाय.
- भरताना स्वच्छ, पण तासाभराने भांड्यात तांबूस होणारं: पाण्यातच विरघळलेलं लोह. हवा लागली की ते खाली बसतं. बोअर किंवा विहिरीच्या पाण्यात हे दिसतं.
- ग्लासात पांढरट, पण खालून वर निवळत जाणारं: नुसती हवा. काळजी नको.
- किटलीत, शॉवरच्या जाळीत पांढरी खरपुडी: जड पाणी.
- बेसिनमध्ये निळसर-हिरवा डाग: हलकं, आम्लधर्मी पाणी तांब्याचा पाइप किंवा कॉइल खातंय. पाचगणीत जुन्या बंगल्यांमध्ये याकडे लक्ष ठेवा. पिण्याचं पाणी भरण्याआधी रात्रभर पाइपात थांबलेलं पाणी सोडून द्या.
- औषधाचा वास: क्लोरीन. हा वास येणं चांगलंच. भांडं थोडा वेळ उघडं ठेवलं की जातो.

आता डाळीचं. जड पाण्यात डाळ शिजायला वेळ लागतो, हे खरं. पण पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे 1300 मीटर उंच आहे आणि इतक्या उंचीवर पाणी 100 नव्हे, 95-96 अंशांनाच उकळतं. उघड्या पातेल्यात तूर वेळ घेते, त्यात निम्मा दोष डोंगराचा. कुकर लावा. कुकरमध्ये शिजवूनही डाळ बोट लावल्यावर टणक लागत असेल, तर पाण्याकडे बोट दाखवा.

तो तपकिरी ग्लास

घरी येणाऱ्या विक्रेत्याचा एक प्रयोग ठरलेला असतो. तो दोन ग्लास मांडतो, एकात तुमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या यंत्राचं. दोन्हींत धातूच्या कांड्यांचं उपकरण बुडवून वीज सोडतो. मिनिटभरात तुमच्या ग्लासात गढूळ, तपकिरी, किळसवाणा गाळ तरंगू लागतो आणि त्याचा ग्लास जवळजवळ तसाच राहतो. 'बघा, रोज काय पिताय!' घरातली वडीलधारी मंडळी हादरतात आणि तिथल्या तिथे आगाऊ रक्कम दिली जाते.

यातली गंमत अशी की, तो गाळ तुमच्या पाण्यातला नसतोच. कांड्यांपैकी एक लोखंडाची असते आणि पाण्यात थोडे जरी क्षार असले, की वीज वाहते आणि लोखंड गंजून पाण्यात उतरतं. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, वीज वाहत नाही, म्हणून तो ग्लास स्वच्छ. तुम्ही त्याला एवढंच सांगा की, यंत्राच्या पाण्याच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि पुन्हा करून दाखवा. त्याच्या 'शुद्ध' पाण्यातही तसाच गाळ येतो. बहुतेक विक्रेते यानंतर चहा न घेता निघतात.

टीडीएस मीटरचंही तसंच. पेनसारखं हे यंत्र पाण्यात एकूण किती क्षार विरघळले आहेत, याचा अंदाज देतं. त्यातले जडपणाचे किती, हे ते सांगत नाही आणि जंतूंबद्दल तर अवाक्षर काढत नाही. मीटरवर आकडा छोटा, पाणी आरस्पानी, तरी त्यात काविळीचे जंतू असू शकतात. पुण्यात जानेवारी 2025 मध्ये नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागात गुलेन-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकदम वाढले, तेव्हा संशय गेला तो दूषित पाण्यावर आणि अनेक रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला. क्षारांचा त्या प्रकाराशी काही संबंध नव्हता.

मग कोणतं यंत्र घ्यायचं?

माझं मत स्पष्ट आहे. तलावाचं पाणी येणाऱ्या घरात आरओ हा अनाठायी खर्च आहे. जे क्षार मुळातच कमी, ते काढायला यंत्र घ्यायचं आणि एक लिटर पिण्याच्या पाण्यामागे दोन-तीन लिटर मोरीत सोडायचं, तेही जिथे मे महिन्यात टँकरची वाट बघावी लागते तिथे! राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये टीडीएस 500 च्या खाली असलेल्या ठिकाणी आरओला मनाई करावी असं म्हटलं होतं. पुढे तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कायद्याचं काय व्हायचं ते होवो, त्यामागचं शास्त्र साधं आहे.

- तलावाचं पाणी: गाळ अडवणारा साधा फिल्टर आणि त्यापुढे यूव्ही (अतिनील किरण) किंवा यूएफ (सूक्ष्म छिद्रांचा पडदा). वीज सारखी जात असेल तर यूएफ बरं, त्याला वीज लागत नाही. मात्र यूएफ विषाणू पूर्णपणे अडवेलच असं नाही, म्हणून साथीच्या दिवसांत उकळणं सोडू नका.
- बोअरचं पाणी, तपासणीत टीडीएस 500 च्या वर: आरओचा विचार करा, पण फक्त पिण्याच्या आणि स्वयंपाकाच्या पाण्यापुरता. त्याचं सोडपाणी फरशी, संडास यांना वापरा.
- लोह जास्त: आरओ लावाल तर पडदा लवकर चोंदेल. आधी पाण्यात हवा खेळू द्या, निवळू द्या, वाळूच्या फिल्टरमधून काढा.
- लॉज, वसतिगृह, लाँड्री: जड पाण्याचा खरा फटका इथे, गीझर आणि बॉयलरला बसतो. त्यासाठी सॉफ्टनर. हे यंत्र कॅल्शियमच्या जागी सोडियम सोडतं, म्हणून रक्तदाबाच्या रुग्णांनी ते पाणी पिण्यासाठी घेऊ नये. पिण्याचा नळ सॉफ्टनरच्या आधीच वेगळा काढून घ्या.

थोडंसं जड पाणी पिण्याने काही बिघडत नाही. कॅल्शियम-मॅग्नेशियम शरीराला लागतंच. त्रास होतो तो केसांना, कपड्यांना आणि वीजबिलाला. किटलीतली खरपुडी लिंबूसत्त्व घालून उकळलं की निघते.

पावसाळ्यात लक्ष कुठे द्यायचं

वर्षाचे हे चार महिने खरे कसोटीचे. डोंगरावरून माती वाहते आणि पाणी गढूळ होतं. गढूळपणा म्हणजे नुसता रंग नव्हे. मातीच्या कणाआड जंतू लपतात, क्लोरीन वाया जातं आणि यूव्हीचा प्रकाश आरपार जात नाही. म्हणून गढूळ पाणी थेट यूव्हीत घालण्यात अर्थ नाही.

आधी निवळू द्या. तुरटी फिरवण्याची आपली पद्धत चांगलीच, पण इथे एक काळजी घ्या. हलक्या पाण्यात तुरटीला धरून बसायला क्षार कमी मिळतात. जास्त फिरवली तर गाळ बसण्याऐवजी पाणी आंबट-तुरट होतं. हंड्यात दोन-चार वळसे पुरे. मग तीन-चार तास झाकून ठेवा आणि वरचं पाणी अलगद काढून गाळा. त्यानंतर खदखदा उकळी येऊ द्या. उकळी फुटल्यावर मिनिटभर बास, आपल्या उंचीलाही तेवढं पुरतं. उकळून होईना, तर आरोग्य केंद्रात मिळणारं क्लोरीनचं औषध मेडिक्लोर बाटलीवर लिहिलंय त्या प्रमाणात टाका आणि अर्धा तास थांबा.

पाण्याची टाकी तुमच्याकडे असेल, तर टीसीएलचं (ब्लीचिंग पावडर) नेहमीचं प्रमाण 1000 लिटरला 5 ग्रॅम. पावडर थेट टाकीत ओतू नका. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या आणि वरची निवळी टाका. पिशवी उघडी राहिली तर पावडरीतला दम जातो. वास येत नसेल, तर ती पावडर फेकून द्या.

टिल्लू मोटरचा धोका

नळाला पाणी ठरावीक वेळ येतं. बाकीचा वेळ पाइप रिकामा असतो. अशा वेळी पाइपला कुठे चीर असेल आणि तो गटाराशेजारून गेला असेल, तर बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. त्यात नळाला थेट टिल्लू मोटर लावली की ती फक्त योजनेचं पाणी ओढत नाही, गटारातलंही ओढते. शेजाऱ्याच्या नळाचा दाब जातो तो वेगळाच. ही मोटर बेकायदा आहे आणि आरोग्यालाही धोक्याची. साठवण टाकी घ्या, मोटर त्या टाकीला लावा.

पाणी आल्यावर पहिली दोन मिनिटं पिण्यासाठी भरू नका, झाडांना घाला. टाकी वर्षातून किमान दोनदा, पावसाच्या आधी आणि नंतर, घासून धुवा. जमिनीतल्या टाकीचं झाकण कडेने पाणी शिरणार नाही असं हवं. विहीर किंवा बोअर सेप्टिक टँक आणि शोषखड्ड्यापासून किमान 15 मीटर दूर आणि उताराच्या वरच्या बाजूला हवी. जांभ्यात तर त्याहूनही लांब असेल तितकी बरी.

बंगला वर्षातून आठवडाभरच उघडत असाल, तर महिनोन्‌महिने टाकीत साठलेलं पाणी पिण्याला घेऊ नका. येण्याआधी राखणदाराला सांगून टाकी रिकामी करून, धुऊन, नव्याने भरून घ्या. गीझर, शॉवर, सगळे नळ पाच मिनिटं सोडा आणि फिल्टरच्या कँडलची मुदत बघा.

तपासणी: कुठे, कशी, काय

खुणा पाहून अंदाज येतो, पैसे खर्च करायचे असतील तर अहवाल हवा. साताऱ्यात शासकीय पाणी तपासणी प्रयोगशाळा आहे. सामान्य नागरिकालाही ठरावीक शुल्क भरून नमुना देता येतो. बोअर किंवा विहीर असेल, तर वर्षातून दोनदा तपासा: मे महिन्यात, क्षार सर्वांत जास्त असताना, आणि पहिले मोठे पाऊस पडून गेल्यावर, जंतूंसाठी.

जंतूंच्या तपासणीची बाटली प्रयोगशाळेतूनच आणा. ती निर्जंतुक असते आणि तिच्यात क्लोरीन मारणारं औषध घातलेलं असतं, म्हणून ती विसळू नका. नळाची तोटी स्पिरिटने पुसा, दोन-तीन मिनिटं पाणी जाऊ द्या, आतल्या बाजूला बोट न लावता बाटली भरा, वर थोडी जागा सोडा. बर्फाच्या डब्यात ठेवून पसरणी घाट उतरा आणि त्याच दिवशी नमुना पोहोचवा. आदल्या रात्री भरलेला नमुना सकाळी गाडीने पाठवला, तर अहवालावर भरवसा ठेवता येणार नाही. क्षारांसाठी स्वच्छ विसळलेली लिटरची बाटली चालते.

अहवाल आल्यावर भारतीय मानक 10500 मधले हे आकडे शेजारी ठेवून वाचा. पहिला आकडा इष्ट मर्यादेचा, त्यापुढचा पर्यायी स्रोतच नसेल तर चालवून घ्यायचा:

- एकूण जडपणा: लिटरला 200 मिलिग्रॅम, 600
- टीडीएस: 500, 2000
- गढूळपणा: 1 एनटीयू, 5
- पीएच: 6.5 ते 8.5 (यात सूट नाही)
- नायट्रेट: 45 (यातही नाही). हे जास्त असेल तर शेजारचा शोषखड्डा किंवा शेतातलं खत यांच्याकडे बघा
- ई-कोलाय: 100 मिलिलिटरमध्ये शून्य
- उर्वरित क्लोरीन: किमान 0.2 मिलिग्रॅम

शेवटचा आकडा तुम्ही घरीही पाहू शकता. ओटी टेस्टचं किट विकत मिळतं. नळीत ताजं पाणी घेऊन थेंब टाकले आणि पिवळा रंग आला, तर क्लोरीन आहे. रंग आलाच नाही, तर त्या पाण्यावर विश्वास ठेवू नका. ओटीचे थेंब घातलेलं पाणी फेकून द्यायचं, पिण्याच्या भांड्यात जाऊ द्यायचं नाही.

टँकर आणि जारबद्दल तुमचा हक्क

महाबळेश्वर-पाचगणी परिसर 17 जानेवारी 2001 च्या केंद्राच्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. त्या अधिसूचनेत भूजल उपशाला जागेच्या ताबेदाराच्या घरगुती आणि शेतीच्या गरजेपुरती मुभा आहे आणि पाणी विकण्यावर बंधन आहे. म्हणजे शेजारच्या प्लॉटवरच्या बोअरमधून टँकरमागून टँकर भरले जात असतील, तर विचारणा करण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

थंडगार जारच्या बाबतीत फसगत फार. ज्याला सील नाही, लेबल नाही, भरल्याची तारीख नाही, ते 'बाटलीबंद पाणी' नव्हे, नुसतं थंड केलेलं पाणी. लग्नकार्याला किंवा शाळेच्या कार्यक्रमाला ते मागवत असाल, तर निदान कुठलं पाणी भरलंय आणि कधी तपासलंय, हे लेखी मागा.

तक्रार कुठे करायची

पाणीबिलावर नाव कुणाचं आहे, ते बघा. तक्रार आधी तिथे, म्हणजे जीवन प्राधिकरण किंवा पाचगणी गिरीस्थान नगरपरिषद. तोंडी सांगू नका. अर्जाची दुसरी प्रत नेऊन तिच्यावर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. गोडवली, दांडेघर, आंब्रळ, खिंगर अशा आसपासच्या गावांत असाल तर ग्रामपंचायतीकडे जा. तिथे जलसुरक्षक असतो, त्याच्याकडून तुमच्या गावाच्या पाण्याचा शेवटचा अहवाल मागा.

अर्जात 'पाणी खराब येतं' एवढंच लिहिलं तर तो अर्ज फायलीत राहतो. त्यात हे घाला:

- तारीख, वेळ आणि पाणी किती वेळ खराब आलं
- रंग, वास, ओटी टेस्टचा निकाल, जमल्यास फोटो
- त्याच लाइनवरच्या किती घरांत तसंच आलं आणि घरांमध्ये जुलाब-कावीळ कुणाला झाली का
- गल्लीत अलीकडे खोदकाम झालं का, पाइप गटारातून जातो का

महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम 1965 नुसार पाणीपुरवठा हे नगरपरिषदेच्या आवश्यक कर्तव्यांत मोडतं, हे अर्जात नम्रपणे नमूद करा. उत्तर मिळालं नाही, तर 'आपले सरकार' संकेतस्थळावर तक्रार नोंदवा. माहिती अधिकारात गेल्या सहा महिन्यांचे जंतू-तपासणीचे अहवाल आणि क्लोरीनच्या नोंदवहीच्या प्रती मागा, त्याला 30 दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. घरच्या यंत्राची विक्री किंवा सेवा यात फसवणूक झाली असेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915. त्यासाठी पावती आणि वॉरंटी कार्ड लागतं, म्हणून यंत्र बसवायला आलेला माणूस दाराबाहेर पडण्याआधी दोन्हींवर तारीख आणि शिक्का मारून घ्या.